हुसैनाबादची दिवाबत्ती

लखनौमध्ये रूमी दरवाजा ओलांडून पश्चिमेकडे निघाले की एका किलोमीटरच्या आत हुसैनाबाद लागते. घंटाघर, त्यापलीकडे पायऱ्यांचा तलाव, तलावाकाठची बारादरी, चौथ्या मजल्यावर थांबलेला सतखंडा आणि मग छोटा, म्हणजेच हुसैनाबादचा, इमामबाडा. घंटाघर वगळले तर हे सारे अवधचा तिसरा बादशहा मुहम्मद अली शाह याच्या पाच वर्षांच्या कारकिर्दीतले, १८३७ ते १८४२ या काळातले. या वास्तू, त्यांच्या जोडीला नवाब आसफउद्दौल्याचा बडा इमामबाडा आणि गाझीउद्दीन हैदरचा शाहनजफ इमामबाडा यांचा कारभार आज ज्या संस्थेकडे आहे तिचे नाव हुसैनाबाद अँड अलाइड ट्रस्ट, म्हणजे हुसैनाबाद व संलग्न न्यास. बादशहाने १८३९ साली करून ठेवलेल्या वक्फनाम्यापासून (धार्मिक दानपत्रापासून) तिचे वय मोजले तर ते पावणेदोनशे वर्षांच्या पुढे जाते. ज्या राज्यात ती जन्मली ते तिच्या सतराव्या वर्षी खालसा झाले. ज्या ईस्ट इंडिया कंपनीकडे तिचे भांडवल होते तिची सत्ता एकोणिसाव्या वर्षी संपली. कंपनीच्या जागी आलेले साम्राज्यही गेले. संस्था मात्र आहे, आणि दर मोहरमला तिच्या भटारखान्यात चुली पेटतात.

हे कसे घडले, एवढाच या इतिहासाचा प्रश्न आहे. नेहमी दोन उत्तरे दिली जातात. एक असे, की या इमारती इतक्या देखण्या होत्या की त्यांना हात लावायचे कोणाला धाडस झाले नाही. दुसरे असे, की इंग्रजांनी पुरातन वास्तूंचा कायदा केला आणि त्याने त्या वाचल्या. पहिले उत्तर कैसरबागेपाशीच कोसळते. अवधचा शेवटचा बादशहा वाजिद अली शाह याची कैसरबाग देखणेपणात हुसैनाबादपेक्षा कमी नव्हती, तरी १८५८ नंतर तिचा मोठा भाग पाडला गेला. दुसरे उत्तर सालांत बसत नाही. प्राचीन वास्तू जतन कायदा १९०४ सालचा. तोवर हुसैनाबादच्या इमामबाड्यावर साठपेक्षा जास्त पावसाळे होऊन गेले होते. कायदा आला तेव्हा वाचवण्याजोगे काही शिल्लक होते, ते आधीच कोणीतरी वाचवून ठेवले होते म्हणून. माझे म्हणणे असे की मुहम्मद अली शाहने पुढच्यांच्या हाती दिलेली खरी ठेव म्हणजे इमारतीच्या खर्चाची कायमची तरतूद. इमारत त्या तरतुदीच्या आधाराने उभी राहिली. हुसैनाबादच्या न्यासाचा सगळा इतिहास, त्यातले यश आणि त्यातली पडझड, या एका गोष्टीभोवती फिरतो.

हे पटण्यासाठी आधी लखनौच्या भिंती कशाच्या आहेत ते पाहायला हवे. आग्रा आणि दिल्ली दगडाची शहरे आहेत. लाल दगड आणि संगमरवर शंभर वर्षे दुर्लक्ष सोसतात. लखनौच्या आसपास बांधकामाचा दगड नाही, आणि नवाबी काळात तो दुरून आणण्याइतकी मोगलांसारखी ऐपतही उरली नव्हती. म्हणून इथे सगळे काम लखौरी विटेत झाले. ही वीट पातळ आणि लहान असते. ती चुना-सुरखीत बसवायची आणि वर चुन्याचा गिलावा चढवून त्यातच वेलबुट्टी, मासे, कमानी घडवायच्या. दुरून पाहणाऱ्याला ते दगडी कोरीवकाम वाटते. या पद्धतीने थोर कामे झाली. बड्या इमामबाड्याचे सुमारे ५० मीटर लांबीचे दालन एकही तुळई न घालता पेलले आहे. पण गिलावा हा अशा इमारतीचा जीव असतो. तो दोन पावसाळ्यांत तडकतो, तडीत पाणी शिरते, पाठोपाठ पिंपळाचे रोप येते, आणि रोप वेळेवर उपटले नाही तर त्याची मुळे कमान उकलतात. मोठ्या जीर्णोद्धाराने हे साधत नाही. पन्नास वर्षांनी एकदा लाख रुपये खर्च करण्यापेक्षा दर वर्षी पावसाळ्याआधी दोन गवंडी आणि चार पोती चुना या इमारतींना अधिक उपयोगी पडतो. ज्यांना तो मिळाला नाही त्यांचे काय झाले हे दिलकुशा कोठीच्या आणि मूसाबागेच्या अवशेषांत दिसते. दोन्ही वास्तू एके काळी नवाबांच्या आवडत्या होत्या. १८५७ च्या लढाईने त्यांची मोडतोड केली हे खरे, पण तोफेने पाडलेली भिंत बांधता येते. तिच्यासाठी पैसा आणि माणूस कोणाच्याच खात्यावर उरला नाही, म्हणून त्या गेल्या.

मुहम्मद अली शाहला ही दूरदृष्टी कुठून आली, याचे उत्तर त्याच्या गादीवर येण्याच्या रीतीत आहे. जुलै १८३७ मध्ये आधीचा बादशहा नसीरुद्दीन हैदर वारला. त्याच रात्री त्याची सावत्र आई पादशाह बेगम हिने मुन्नाजान या मुलाला गादीवर बसवून राजवाडा ताब्यात घेतला. कंपनीचा रेसिडेंट जॉन लो याने फौज आणून तो बंदोबस्त मोडला आणि मृत राजाच्या वयोवृद्ध, आजारी चुलत्याला गादी दिली. तोच मुहम्मद अली शाह. आपले सिंहासन कोणाच्या मेहेरबानीवर आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्याच साली गव्हर्नर जनरल ऑकलंडने त्याच्याशी नवा तह केला. लंडनच्या संचालकांनी तो नामंजूर केला, आणि संपूर्ण तहच रद्द झाला आहे हे बादशहाला कोणी सांगितले नाही. अशा माणसाने आपल्या इमामबाड्याची नेमणूक राज्याच्या खजिन्यावर लावली असती तर ती पुढच्या वारसाच्या लहरीवर किंवा पुढच्या रेसिडेंटच्या हुकमावर राहिली असती. त्याने रोकड कंपनीच्या कर्जरोख्यांत घातली आणि व्याज इमामबाड्याच्या नावे लावून दिले. राज्यकर्ता म्हणून कंपनीचा शब्द भरवशाचा नव्हता. पण ऋणको म्हणून तिला व्याज बुडवणे परवडणारे नव्हते, कारण तिची सारी पत त्या रोख्यांवर उभी होती. तहाचा कागद आणि रोख्याचा कागद यांतला हा फरक त्या म्हाताऱ्या राजाने ओळखला, असे मला वाटते. त्याच्या हेतूविषयी यापेक्षा अधिक बोलणे अनुमानाचे होईल. परिणाम मात्र स्पष्ट आहे.

ही युक्ती त्याची एकट्याची नव्हती. त्याचा थोरला भाऊ गाझीउद्दीन हैदर याने नेपाळच्या युद्धाच्या वेळी कंपनीला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. अशा कर्जांच्या व्याजातून नातेवाईकांना आणि आश्रितांना पिढ्यान्‌पिढ्या वेतन मिळावे, अशी सोय अवधच्या राजघराण्याने वारंवार केली. त्या वेतनाला वसिका म्हणतात. लखनौचे वसिका कार्यालय आजही ते वाटते. पण वसिकेचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. वारस वाढत गेले, वाटे पडत गेले, आणि काही घरांच्या वाट्याला आज महिन्याला दोन-चार रुपये येतात. रक्कम घ्यायला येणाऱ्याचा रिक्षाखर्चही त्यातून निघत नाही. तीच पद्धत, तोच ऋणको, तेच शतक. तरीही इमामबाड्याची तरतूद तशी विरून गेली नाही. इमारतीला वारस होत नाहीत, त्यामुळे तिच्या व्याजाचे तुकडे पडत नाहीत. माणसांसाठी ठेवलेली ठेव माणसांच्या संख्येत विरघळली आणि वास्तूसाठी ठेवलेली ठेव एकत्र राहिली.

खरी परीक्षा १८५६ ते १८५८ या तीन वर्षांत झाली. फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध खालसा झाले आणि वाजिद अली शाह कलकत्त्याला गेला. पुढच्या वर्षी जूनअखेर चिन्हटची लढाई हरल्यावर इंग्रजांनी मच्छी भवनाचा किल्ला स्वतःच दारूगोळ्याने उडवून दिला. मार्च १८५८ मध्ये शहर परत हाती आल्यावर कर्नल रॉबर्ट नेपियरने ते पुन्हा कधी उठू नये म्हणून आखणी केली. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढायचे आणि किल्ल्याभोवती मोकळे मैदान ठेवायचे. त्या आखणीत जुन्या लखनौचा मोठा भाग भुईसपाट झाला. बडा इमामबाडा किल्ल्याच्या आवारात गेला आणि त्याच्या दालनात शस्त्रसाठा ठेवला गेला. अवधच्या सर्वांत मोठ्या इमामबाड्यात कित्येक वर्षे मजलिस (मोहरमची शोकसभा) झाली नाही. हुसैनाबादचा इमामबाडा मात्र इमामबाडाच राहिला. त्याच्यासाठी लावून दिलेला पैसा खालसा झालेल्या राज्याच्या खजिन्यात नव्हता, म्हणून जप्तीतही गेला नाही.

यावर एक आक्षेप वाजवी आहे. बडा इमामबाडा मच्छी भवनाला लागून होता, हुसैनाबाद त्याच्यापासून दूर. लष्करी सोयीने एक गेला आणि दुसरा वाचला, त्यात ठेवीचा काय संबंध? जागेचा वाटा मी नाकारत नाही. किल्ल्याच्या माऱ्यात असते तर हुसैनाबादचे घुमटही कदाचित उरले नसते. पण जागेने फक्त पहिला घाव चुकतो. त्यानंतरच्या पन्नास वर्षांचा गिलावा जागा पुरवत नाही. याचा पुरावा हुसैनाबादच्या आवारातच उभा आहे. सतखंडा इमामबाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तो त्याच राजाने, त्याच वर्षांत, त्याच विटेत बांधायला घेतला. सात मजल्यांचा बेत होता, पण १८४२ मध्ये राजा वारला आणि काम चौथ्या मजल्यावर थांबले. त्या मनोऱ्यात मजलिस होत नव्हती, दिवा लागत नव्हता, कोणाचे दफन नव्हते. वर चढून चंद्र आणि शहर पाहावे एवढाच त्याचा हेतू. म्हणून त्याच न्यासाच्या ताब्यात असूनही तो वर्षानुवर्षे कुलूपबंद आणि ढासळता राहिला. तीच माती, तोच मालक, पण त्याच्यावर रोजचा खर्च बांधलेला नव्हता. शाहनजफचे उदाहरण याच्या उलट जाते. नोव्हेंबर १८५७ मध्ये कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने त्याच्यावर तोफा डागल्या. लढाईचा फटका हुसैनाबादपेक्षा त्याला कितीतरी जास्त बसला. पण तिथे गाझीउद्दीन हैदर आणि त्याच्या बेगमा पुरलेल्या आहेत आणि मोहरम पाळला जात होता. ती वास्तू सावरली आणि आज त्याच न्यासाच्या छत्राखाली नांदते आहे.

मराठी वाचकाला याचा आणखी एक दाखला जवळचा वाटेल. कैसरबागेचा बराचसा भाग गेला, पण परीखाना उरला. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेले मॅरिस कॉलेज हे संगीत महाविद्यालय तिथे आले. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते वाढवले. आज ते भातखंडे यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. त्या भिंती टिकल्या, कारण रोज सकाळी तिथे तानपुरा जुळवणारे कोणी ना कोणी येत राहिले. छत्तर मंझिल या नवाबी इमारतीचेही तेच. १९५१ साली तिच्यात केंद्रीय औषध संशोधन संस्था आली आणि पुढची काही दशके ती इमारत वापरात राहिली. प्रयोगशाळेने तिचे नुकसानही केले असेल, पण रिकामी पडण्यापेक्षा ते परवडले.

दुसरा आक्षेप हिशेबाचा आहे आणि तो अधिक टोकदार आहे. रोख रक्कम ठेवली, तीही ठरावीक व्याजाने. रुपयाची किंमत घसरत गेली तसे ते व्याज नाममात्र झाले. त्याऐवजी गावे इनाम दिली असती तर जमिनीबरोबर उत्पन्न वाढले असते, असे म्हणता येईल. आपल्याकडे देवस्थानांना जमीन इनाम देण्याचीच रीत होती. दिवाबत्ती, नैवेद्य, वाजंत्री यांसाठी वेगवेगळ्या जमिनी लावून दिलेल्या असत. १८५२ च्या इनाम कमिशनने दख्खनची सारी इनामे उलटून पाहिली तेव्हाही देवस्थान इनामे बरीचशी टिकली. पण अवधमध्ये १८५८ साली जे घडले तसे दख्खनमध्ये घडले नव्हते. त्या मार्चमध्ये लॉर्ड कॅनिंगने जाहीरनामा काढून अवधमधील जमिनीची मालकी एकजात सरकारजमा केली. सूट मिळाली ती फक्त सहा जमीनदारांना. पुढे तालुकदारांना जमिनी परत दिल्या, पण निष्ठा पाहून आणि नव्या सनदा देऊन. त्या धामधुमीत इमामबाड्याच्या गावांसाठी कोण भांडले असते? राजा कलकत्त्यात, दरबार विखुरलेला, मुतवल्ली (वक्फचे व्यवस्थापक) घाबरलेले. रोख्यांना मालक बदलण्याची धास्ती नव्हती. जमीन कायमची सुरक्षित असते हा समज आपल्याकडेही कूळकायद्यानंतर टिकलेला नाही. गावोगावच्या देवस्थानांना आपल्या इनाम जमिनींविषयी विचारावे. हुसैनाबादच्या राजाने दोन धोक्यांतला एक निवडला. शंभर वर्षांनी येणारी महागाई त्याने पत्करली आणि वीस वर्षांत येणारी जप्ती टाळली. त्या क्रमाने पाहता निवड शहाणपणाची होती.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. हा पैसा राजाच्या घामाचा नव्हता. तो अवधच्या शेतकऱ्याच्या सारापट्टीतून आला, आणि तेव्हाचा अवधचा कारभार रयतेला सुखाचा होता असे कोणी म्हणणार नाही. हे मान्य करावे लागते. पण त्याच काळात त्याच खजिन्यातून जे पैसे मिरवणुकींवर, शिकारीवर आणि दरबारी भेटींवर गेले त्यांचा आज कोणालाही उपयोग नाही. सार्वजनिक पैशातून सार्वजनिक उपयोगाचे जे थोडे उरले त्यात ही ठेव येते, आणि त्यातून गरिबाच्या ताटात अजून अन्न पडते.

आता या इतिहासाच्या कमी सुखाच्या भागाकडे. १८६३ साली सरकारने धार्मिक देणग्यांविषयी कायदा केला आणि देवळे-मशिदींच्या व्यवस्थेतून अंग काढून घेण्याचे धोरण स्वीकारले. त्यांच्या निधीवर धार्मिक समित्यांनी देखरेख करावी, महसूल मंडळाने करू नये, असा त्याचा रोख होता. तरीही पंधरा वर्षांनी, १८७८ मध्ये, याच सरकारने एकट्या हुसैनाबादसाठी स्वतंत्र कायदा केला आणि तिथल्या विश्वस्तव्यवस्थेला सरकारी चौकटीत बसवले. कारण उघड आहे. पैसा सरकारच्या रोख्यांत, व्याज सरकारकडून, आणि संस्थेची प्रतिष्ठा शहरात एवढी की तिच्यावर हात असणे राज्यकर्त्याच्या सोयीचे. या कायद्याने संस्था वाचली असे म्हणणारे आहेत. विश्वस्तांच्या भांडणांत ती बुडाली नाही आणि कागदपत्रे नीट राहिली, हे मलाही मान्य आहे. पण त्याच कायद्याने अधिकारी आणि विश्वस्त यांच्यातली रेघ पुसली, आणि त्याचा पहिला मोठा परिणाम तीन वर्षांत उभा राहिला. ते म्हणजे घंटाघर.

१८८१ सालचे हे घंटाघर ६७ मीटर उंच आहे. आराखडा रिचर्ड रॉस्केल बेन यांचा, घड्याळ लंडनच्या बेन्सनकडचे, आणि ते बांधले सर जॉर्ज कूपर यांच्या सन्मानार्थ. वायव्य प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर आणि अवधचे चीफ कमिशनर ही दोन्ही पदे एकत्र सांभाळणारे ते पहिले अधिकारी. (हे घंटाघर नसीरुद्दीन हैदरने बांधले असे अजूनही छापले जाते. तो राजा १८३७ मध्येच वारला होता, हे छापणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.) त्याचा खर्च हुसैनाबादच्या निधीतून झाला. इमाम हुसैनच्या स्मरणासाठी ठेवलेल्या पैशातून एका गोऱ्या अधिकाऱ्याचे स्मारक! मनोरा उत्तम आहे आणि आज तो लखनौची ओळख आहे, म्हणून हा व्यवहार कोणी फारसा आठवत नाही. पण ठेवीचा हेतू सोडून खर्च करण्याचे हे पहिले ठळक उदाहरण आहे, आणि त्याचे पुढचे आयुष्यही बोलके आहे. त्या घड्याळाची किल्ली फिरवणे कोणत्याही विधीत बसत नव्हते. ते बंद पडले आणि बंदच राहिले. पंचवीसेक वर्षांनी, २०१० च्या सुमारास, काही हौशी जाणकारांनी खटपट केली तेव्हा काटे पुन्हा हलले. इमामबाड्यातले झुंबर मात्र त्या सगळ्या वर्षांत दर मोहरमला पुसून लावले जात होते.

झुंबरांचा हा मुद्दा किरकोळ समजू नये. मोहरमची पहिली तारीख आली की बड्या इमामबाड्यातून मेणाची शाही जरीह (इमाम हुसैनच्या कबरीची प्रतिकृती) निघते आणि हुसैनाबादच्या छोट्या इमामबाड्यात येते. सातव्या दिवशी मेंदीची मिरवणूक. पहिल्या नऊ दिवसांत शाही भटारखान्यात तबर्रुक (प्रसादाचे अन्न) शिजतो आणि शहरभर वाटला जातो. रमझानमध्ये मशिदींना आणि गरिबांना इफ्तारी जाते. छोटा इमामबाडा तेव्हा दिव्यांनी भरून जातो, आणि रोषणाईचा महाल हे त्याचे जुने नाव तेव्हा खरे वाटते. हा सारा खर्च न्यासाचा. वारसा सांभाळणाऱ्या संस्थेने स्वयंपाकावर आणि मिरवणुकीवर पैसा का घालवावा, तो सरळ भिंतींवर का लावू नये, असे अनेक जाणकार विचारतात. काही तर पुढे जाऊन म्हणतात की धार्मिक वापर बंद करून सगळ्या वास्तू पुरातत्त्व खात्याच्या स्वाधीन कराव्यात. या भूमिकेत तथ्याचा अंश आहे. वापराने नुकसान होते. जुन्या गिलाव्यावर तैलरंग चढवले जातात, वेलबुट्टीत खिळे ठोकून विजेच्या तारा नेल्या जातात, कमानीखाली टपऱ्या बसतात. पण वापर काढून घेतला तर वर्षातून एकदा तरी प्रत्येक कोपरा झाडून पाहण्याचे कारणच नाहीसे होते. मोहरमच्या आधी झुंबर उतरवायला शिडी लागते. शिडीवर चढलेल्याला छताची तड दिसते. गळती होऊ लागली की मजलिसला आलेले हजार लोक ती पाहतात आणि बोलतात. सरकारी संरक्षित स्मारकावर सूचनाफलक असतो, पण तिथे इतके डोळे जमत नाहीत. खाते आणि न्यास या दोन मालकांत आज जी ओढाताण आहे तिच्यावर उपाय एकाला हाकलण्यात नाही. तंत्र खात्याचे, रोजचा सांभाळ न्यासाचा, अशी लेखी वाटणी व्हायला हवी. रूमी दरवाज्याची तडकलेली कमान अलीकडे पुरातत्त्व खात्याने दुरुस्त केली. ते काम न्यासाच्या गवंड्याचे नव्हतेच. पण खाते दर मोहरमला झुंबर पुसायला येणार नाही.

विसाव्या शतकात मूळ ठेवीचे व्याज अपुरे पडत गेले आणि न्यासाचे पोट दुसऱ्या दोन गोष्टींवर चालू लागले. पर्यटकांचे तिकीट आणि न्यासाच्या घरा-दुकानांचे भाडे. यांपैकी तिकीट वाढत गेले, कारण बड्या इमामबाड्यातला भुलभुलय्या पाहायला येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. भाडे मात्र जुन्या दरांवर अडकले. त्यातून पोटभाडेकरू आले आणि अतिक्रमणेही आली. १९५८ च्या पुरातन वास्तू कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटरांत बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या दोनशे मीटरांत ते परवानगीशिवाय करता येत नाही. हुसैनाबादच्या रस्त्यावर उभे राहून हा नियम वाचणाऱ्याला हसू येईल. न्यासाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो, ही १८७८ चीच सावली. अतिक्रमण हटवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, तोच या मालमत्तेचा विश्वस्त, तरीही अतिक्रमण हटत नाही. सरकारी अध्यक्षपणाचे समर्थन करणाऱ्यांना याचे उत्तर द्यावे लागेल. दुसऱ्या बाजूलाही प्रश्न आहेत. २०१५ मध्ये न्यासाच्या आणि वक्फ मंडळाच्या कारभाराविरुद्ध शिया समाजातील आंदोलकांनी दोन्ही इमामबाड्यांना कुलपे लावली, आणि ती उघडायला न्यायालयात जावे लागले. गाऱ्हाणे खरे असू शकते, पण कुलूप लावलेल्या इमामबाड्याची दिवाबत्ती कोण करणार? संस्थापकाने ज्या एका गोष्टीची सोय केली होती तीच त्या काळात थांबली.

२०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याने निव्वळ वहिवाटीवरून वक्फ मानण्याची तरतूद पुढच्या काळापुरती काढली, आणि अनेक जुन्या संस्थांच्या मनात धास्ती बसली. हुसैनाबादची बाजू इथे तुलनेने भक्कम आहे, कारण तिचा पाया वहिवाटीवर नाही. लेखी वक्फनामा आहे, त्यावर आधारलेला १८७८ चा कायदा आहे, आणि दीडशे वर्षांचे सरकारी दप्तर आहे. तो वक्फनामा हीच या संस्थेची सर्वांत मौल्यवान जुनी चीजवस्तू आहे, असे मी म्हणेन. झुंबर फुटले तर दुसरे आणता येईल.

म्हणून न्यासाकडून अपेक्षा करायच्या त्या भव्य नसाव्यात. मूळ वक्फनाम्याचा मजकूर उर्दू, हिंदी आणि इंग्रजीत इमामबाड्याच्या दारात लावावा. तिकिटांचे आणि भाड्याचे उत्पन्न किती, त्यातले भटारखान्यावर किती, रोषणाईवर किती आणि चुना-गवंड्यावर किती गेले, हा हिशेब दर वर्षी त्याच दारात लावावा. तिकिटाच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा पावसाळ्याआधीच्या डागडुजीसाठी बाजूला काढण्याचा नियम करावा, आणि अध्यक्ष कोणीही असो, तो नियम त्याला मोडता येऊ नये. सतखंड्यालाही काही रोजचा उपयोग द्यावा, मग तो शाळकरी मुलांना महिन्यातून एकदा वर नेण्याइतका साधा का असेना. लखनौला जाणाऱ्या मराठी वाचकांना एवढीच विनंती, की भुलभुलय्या पाहून परत फिरू नये. मोहरमच्या दिवसांत गेलात तर हुसैनाबादपर्यंत चालत जावे, तिकीट रीतसर घ्यावे, आणि या पैशातून यंदा कोणत्या भिंतीला चुना लागला, हे खिडकीवरच्या माणसाला विचारावे.